जुनी इमारत, नवा वापर: इमारतमालकांसाठी माहितीपत्रक

शहराच्या मध्यवस्तीतील जुने गोदाम, पेढी, छापखाना, कार्यालय किंवा दुकानांवरचे रिकामे पडलेले मजले आपल्या मालकीचे असतील आणि त्यांचा मूळ उपयोग आता उरलेला नसेल, तर अशा वास्तूला नव्या उपयोगासाठी सिद्ध करण्याचे काम आम्ही करतो. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मालकांच्या मनात नवा वापर आधीच पक्का झालेला असतो. कोणाला घरे करायची असतात, कोणाला निवासगृह, तर कोणाला वाचनालय. आमची पहिली विनंती अशी असते की हा निर्णय काही आठवडे खुला ठेवावा आणि इमारतीला काय झेपेल हे तपासून मगच तो घ्यावा. या कामात पैसा आणि वेळ सर्वाधिक वाया जातो तो वास्तूला न पेलणारा वापर तिच्यावर लादल्यामुळे, असे आमचे ठाम मत आहे. हे पत्रक ते मत का बनले हे सांगण्यासाठी लिहिले आहे.

वापर कसा निवडावा

पॅरिसमधील ओर्से रेल्वे स्थानक १९०० साली सुरू झाले. पुढे गाड्या लांब होत गेल्या, फलाट त्यांना अपुरे पडू लागले आणि १९३९ नंतर लांब पल्ल्याच्या गाड्या तेथून सुटणे बंद झाले. एके काळी ही इमारत पाडून तेथे हॉटेल बांधण्याचा प्रस्ताव पुढे आला होता. पण १९८६ साली तिथे कलासंग्रहालय उघडले. ते यशस्वी झाले, कारण स्थानकाच्या उंच छतामुळे आणि काचेतून येणाऱ्या उजेडामुळे जे मिळत होते तेच संग्रहालयाला हवे होते. लंडनमधील बँकसाइड वीजकेंद्र १९८१ मध्ये बंद झाले आणि २००० साली तेथे टेट मॉडर्न हे संग्रहालय सुरू झाले. जनित्रांचा प्रचंड दालनवजा भाग मजले न घालता तसाच मोकळा ठेवण्यात आला आणि आज तोच त्या वास्तूचा प्राण आहे. याउलट केपटाऊनच्या बंदरातील धान्यकोठारांचे संग्रहालय २०१७ मध्ये झाले, तेव्हा काँक्रीटच्या उभ्या नळ्यांचा पुंजका आतून कापून मधला चौक कोरावा लागला. परिणाम देखणा आहे, परंतु एवढी शस्त्रक्रिया सोसण्याइतकी साधनसामग्री प्रत्येक मालकाकडे नसते, हे आम्ही आपल्यापासून लपवणार नाही.

कार्यालयाची घरे करायची असतील तर इमारतीच्या वयाबद्दल एक अनपेक्षित गोष्ट लक्षात घ्यावी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कार्यालयांची घरे करणे पुष्कळदा सोपे जाते आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धातील कार्यालये मात्र अडचणीची ठरतात. ट्यूबलाइट १९३८ च्या सुमारास बाजारात आली, त्यानंतर वातानुकूलन सर्वत्र पसरले आणि खिडकीपासून दूर बसूनही काम करणे शक्य झाले. त्यामुळे मजले रुंद होत गेले. त्याआधीच्या इमारतींमध्ये प्रत्येक मेजापर्यंत दिवसाचा उजेड पोचवावाच लागे, म्हणून त्यांची समोरून मागपर्यंतची रुंदी बेताची असते आणि खिडक्या उघडता येतात. न्यूयॉर्कच्या दक्षिण टोकाकडील जुन्या कार्यालयांची १९९० च्या दशकाच्या मध्यापासून घरे होऊ लागली, त्यामागे कर सवलतीइतकेच हेही कारण होते. १९१३ साली पूर्ण झालेल्या वूलवर्थ इमारतीच्या वरच्या मजल्यांवर आज घरे आहेत.

उजेडाचा ढोबळ हिशेब आपणही करू शकता. खिडकीच्या वरच्या कडेची जमिनीपासूनची उंची मोजावी. तिच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंत उपयोगी उजेड पोचतो. त्यापलीकडची जागा राहण्याच्या खोल्यांना निकामी असते. तिथे न्हाणीघर, कोठी, जिना किंवा नळांचे उभे मार्ग घालता येतात, पण अशी जागा फारच जास्त असेल तर छतापासून खालपर्यंत उजेडाचा चौक कापावा लागतो आणि तेवढे क्षेत्रफळ गमवावे लागते.

भार आणि सांगाडा

राहत्या खोलीच्या जमिनीवर दर चौरस मीटरला साधारण १५० ते २०० किलो चल भार, म्हणजे माणसे आणि सामान यांचा बदलता भार, धरतात. पुस्तकांच्या दाट मांडण्यांसाठी हाच आकडा ६०० किलो किंवा त्याहूनही अधिक होतो. म्हणून निवासी इमारतीत वाचनालय घालणे दिसते तितके निरुपद्रवी नाही, तर गोदामात घरे करणे भाराच्या दृष्टीने सहसा सोपे जाते. सहसा असे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण मधल्या काळात कोणीतरी नळ नेण्यासाठी तुळईला खाच पाडलेली असते, एखादी भारवाहक भिंत दुकान मोठे करण्यासाठी काढलेली असते किंवा गच्चीवर पाण्याची टाकी नंतर चढवलेली असते.

लाकडी तुळई मध्यभागी उत्तम दिसते आणि भिंतीत शिरलेल्या टोकाशी कुजलेली असते. ओल तिथेच कोंडते आणि वाळवीही तिथूनच सुरुवात करते. त्यामुळे केवळ पाहून आम्ही कोणत्याही तुळईबद्दल मत देत नाही. बारीक गिरमिटाने भोक पाडून लाकडाचा विरोध मोजणारे यंत्र वापरले की आतला कुजका भाग समजतो. टोक गेले असेल तर तेवढाच भाग बदलून नवे लाकूड किंवा पोलादी पट्ट्या जोडता येतात, संपूर्ण तुळई काढण्याची गरज क्वचितच पडते.

बिडाचे खांब दाब उत्तम घेतात, परंतु ताण आणि धक्का सोसत नाहीत. आगीत तापलेल्या अशा खांबावर एकाएकी पाणी पडले तर तो तडकू शकतो. जुन्या पोलादाला वेल्डिंग करण्यापूर्वी त्याचा तुकडा प्रयोगशाळेत तपासणे आवश्यक असते, कारण त्याचे रासायनिक घटक आजच्या पोलादासारखे असतीलच असे नाही. विटांच्या किंवा दगडी भिंती उभा भार शतकभर निमूटपणे वाहतात, मात्र भूकंपाचे आडवे हादरे त्यांना सोसत नाहीत. अशा भिंती मजल्यांशी आणि छताशी लोखंडी बंधांनी घट्ट बांधणे आणि वरचे सुटे कठडे आधार देऊन पक्के करणे ही कामे तुलनेने थोड्या खर्चात होतात आणि जीव वाचवतात. ती आम्ही पर्यायी मानत नाही.

पाया पाहण्यासाठी दोनतीन ठिकाणी भिंतीलगत खड्डे घेतले जातात. वरचा भार वाढणार नसेल तर बहुधा पायाला हात लावावा लागत नाही.

ओल, चुना आणि सिमेंट

या विषयावर आम्ही थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक नुकसान येथे होते आणि तेही सद्‌हेतूने. सध्याच्या सिमेंटचे मूळ असलेल्या पोर्टलँड सिमेंटचे पेटंट १८२४ सालचे आहे, पण त्यानंतरही कितीतरी दशके इमारती चुन्यातच बांधल्या जात होत्या. साधा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश कठीण होतो आणि कठीण झाल्यावरही विटेपेक्षा मऊ व सच्छिद्र राहतो. जाड भिंतीत पावसाचे किंवा जमिनीचे पाणी थोडेफार शिरते, सांध्यांतून आणि गिलाव्यातून ते पुन्हा बाहेर पडून उडून जाते आणि इमारत किंचित हलली तरी तडे सांध्यांतच राहतात. संपूर्ण रचना या देवघेवीवर उभी असते.

अशा भिंतीला ओल दिसली म्हणून वरून सिमेंटचा गिलावा केला किंवा पाणी अडवणारा रंग दिला, तर आत शिरलेल्या पाण्याची बाहेर पडण्याची वाट बंद होते. ते वर चढते, तुळयांच्या टोकांपर्यंत पोचते आणि सोबत आणलेले क्षार पृष्ठभागाखाली साठून विटेचे पापुद्रे सुटू लागतात. सांध्यांत कठीण सिमेंट भरले तर मऊ सांध्याऐवजी वीटच झिजते. दोनचार वर्षे भिंत नवी दिसते आणि नंतर पहिल्यापेक्षा वाईट होते. म्हणून जुन्या भिंतींवरील दर्जा (विटांमधले सांधे) भरण्याचे आणि गिलाव्याचे काम आम्ही चुन्यातच करतो. त्यासाठी कुशल गवंडी लागतात, थर वाळू द्यावे लागतात आणि कामाचा वेग कमी राहतो. आपल्या वेळापत्रकात याची तरतूद आधीच करावी.

भिंतीच्या आधी मात्र छप्पर, पन्हळी आणि पावसाच्या पाण्याचे नळ दुरुस्त झाले पाहिजेत. भिंतीतील ओलीचे कारण पुष्कळदा पायाशी नसून वरच्या तुंबलेल्या पन्हळीत सापडते. पाणी थांबवल्यानंतरही जाड भिंत लगेच कोरडी होत नाही. दर २५ मिलिमीटर जाडीला एक महिना असा ढोबळ हिशेब धरतात, त्यामुळे अर्ध्या मीटरच्या भिंतीला दीड वर्षाहून अधिक काळ लागू शकतो. या काळात तिच्यावर लाकडी आच्छादन किंवा महागडे रंगकाम करू नये, असे आम्ही लेखी कळवतो आणि त्यावर ठाम राहतो. थंड प्रदेशात भिंतीच्या आतून उष्णतारोधक थर लावायचा झाल्यास हीच काळजी दुप्पट घ्यावी लागते, कारण भिंत थंड राहते आणि त्या थरामागे बाष्प साचू शकते.

आग, जिने आणि नळ

वापर बदलला की आगीचे नियमही बदलतात. गोदामात जागे आणि मोजके लोक असतात, निवासगृहात झोपलेले आणि वाट न माहीत असलेले. दुसरा जिना अनेकदा लागतोच आणि तो कुठे बसेल हे न ठरवता केलेला आराखडा पुढे संपूर्ण मोडावा लागतो. जाड लाकडी तुळया आगीत लगेच कोसळतील ही समजूत बरोबर नाही. लाकूड बाहेरून मिनिटाला सुमारे ०.७ मिलिमीटर या गतीने कोळपते आणि तो कोळसा आतील लाकडाचे रक्षण करतो. उघडे पोलाद मात्र ५५० अंश सेल्सिअसच्या आसपास आपली निम्मी ताकद गमावते. म्हणून भरदार तुळया उघड्या ठेवता येतील का हे गणिताने तपासता येते आणि त्या झाकण्याची घाई करू नये.

कार्यालयात स्वच्छतागृहे एका ठिकाणी असतात, घरांत प्रत्येक घराला न्हाणीघर आणि स्वयंपाकघर लागते. सांडपाण्याच्या नळाला उतार हवा असतो, म्हणून तो लांब आडवा नेता येत नाही. घरांची मांडणी नळांच्या उभ्या मार्गांभोवती करावी, उलट क्रम धरू नये. लाकडी मजल्यातून आवाज सहज पोचतो, त्यासाठी जमिनीचे थर जाडावतात आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीची उंची बदलते. अशा लहान गोष्टी आराखड्यातच सुटलेल्या बऱ्या. चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार एकास बारा या प्रमाणात धरला तर ६० सेंटिमीटर उंच जोत्याला ७.२ मीटर लांबी लागते. दर्शनी बाजूस तेवढी जागा नसेल तर बाजूचे प्रवेशद्वार मुख्य करावे, पण तेच सर्वांनी वापरावे असे रचावे.

परवानगी आणि वास्तूचे जतन

वापरबदलाची परवानगी ही बांधकामाच्या परवानगीपासून स्वतंत्र बाब असते आणि इमारत वारसा यादीत असल्यास तिसरी संमतीही लागते. नियम ठिकाणानुसार वेगळे असले तरी त्यामागील विचार बराच समान आहे. वास्तुजतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वे सांगणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेने समाजोपयोगी वापर हा वास्तू टिकवण्यास साहाय्यभूत मानला, मात्र त्यासाठी वास्तूची मांडणी किंवा सजावट बदलू नये असे बजावले. आम्ही त्यातून एक कार्यपद्धती घेतली आहे. नवीन भिंत, माळा किंवा जिना जुन्या रचनेला धक्का न लावता पुन्हा काढता येईल असा जोडावा आणि तो नवा आहे हे ओळखूही यावे. पुढच्या पिढ्यांना वास्तू पुन्हा वेगळ्या कामाला घ्यावीशी वाटली तर त्यांचा मार्ग मोकळा राहतो.

जुन्या छपरांत, नळांच्या वेष्टनांत आणि जमिनीच्या लाद्यांत ॲस्बेस्टॉस, तसेच जुन्या रंगांच्या थरांत शिसे असू शकते. तपासणी होईपर्यंत कोणीही रंग घासू नये किंवा पत्रे फोडू नयेत, मजुरांनीही नाही आणि उत्साहाच्या भरात मालकांनीही नाही.

खर्च

जुन्या इमारतीत गिलावा काढल्यावर काहीतरी निघतेच. तपासणी पूर्ण झाल्यानंतरही अंदाजपत्रकाच्या १५ ते २० टक्के रक्कम राखीव ठेवावी, असा आमचा सल्ला आहे. तपासणीवरच बचत केली तर हा आकडा कितीवर जाईल हे कोणीही सांगू शकत नाही. शेजारच्या इमारतीशी भिंत सामाईक असेल तर काम सुरू होण्यापूर्वी तिची छायाचित्रांसह नोंद दोन्ही बाजूंच्या सहीने करून घ्यावी. पुढचे वाद त्यामुळे टळतात.

पहिल्या भेटीपूर्वी

आपल्याकडे असतील ते जुने नकाशे, मालकीची कागदपत्रे, पूर्वीच्या दुरुस्त्यांची देयके, पाण्याची आणि विजेची जोडणी कुठून येते याची माहिती आणि जमल्यास पावसाळ्यात काढलेली छायाचित्रे सोबत आणावीत. कोणत्या खोलीला ओल येते, कोणत्या मजल्यावर चालताना हादरा जाणवतो, कोणते दार एखाद्या ऋतूत अडकते हे तिथे वावरलेल्या माणसांना विचारून लिहून ठेवल्यास आमचे काम बरेच हलके होते. भेटीनंतर आम्ही लेखी अहवाल देतो आणि त्यात आपण सुचवलेल्या वापरासह किमान दोन अन्य पर्याय तपासतो. या अहवालाचे शुल्क आपण पुढील काम आम्हाला दिले तरी वेगळे आकारले जाते आणि नंतरच्या रकमेतून वळते केले जात नाही, कारण आपण ठरवलेला वापर या इमारतीत करू नये असे लिहिण्याची वेळ आली तर ते लिहिताना आमचे नुकसान होणार नाही, अशी व्यवस्था आम्हाला हवी असते.