कलम (वनस्पती)

एका झाडाचा डोळा किंवा काडी दुसऱ्या झाडाच्या मूळ धरलेल्या भागावर बसवून दोहोंचे एकच झाड वाढविण्याची रीत. खालच्या भागास खुंट व वर बसविलेल्या भागास कलमकाडी म्हणतात. बागाईतदारांच्या बोलण्यात कलमाची व्याप्ती याहून मोठी आहे. गुटी कलम, दाब कलम व छाट कलम यांत दोन झाडांचा सांधा नसतोच. एकाच झाडाच्या फांदीला मुळ्या फुटविलेल्या असतात. डाळिंबाची ‘कलमे’ बहुधा अशा गुट्याच असतात. येथे सांध्याच्या कलमांचाच विचार केला आहे.

साल व काष्ठ यांच्यामध्ये ऊतककराचा (नव्या पेशी निर्माण करणाऱ्या ऊतकाचा) पातळ थर असतो. खुंट व काडी यांचे हे थर एकमेकांना भिडले, तर कापाच्या जागी प्रथम किण (जखम भरून काढणाऱ्या पेशींचा पुंजका) वाढतो आणि मग त्यातून रसवाहिन्या जोडल्या जातात. दोन्हींची जाडी सारखी नसेल, तर निदान एका बाजूची साल सालीला जुळवावी लागते. नारळ, सुपारी, केळी या एकदलिकित (बियांत एकच दल असलेल्या) वनस्पतींत असा थर नसल्याने बागाईत व्यवहारात त्यांची कलमे होत नाहीत.

प्राचीनत्व : भारतात ही कला केव्हापासून आहे, याविषयी मतभेद आहेत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील (इ. स. सहावे शतक) वृक्षायुर्वेदाध्यायात फणस, अशोक, केळ, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष, महाळुंग इ. झाडे ‘काण्डरोप्य’ म्हटली असून शेणाचा लेप देऊन ती लावण्यास सांगितले आहे. पुढे ‘मूलोच्छेदेऽथवा स्कन्धे’ असे शब्द येतात. तोडलेल्या मुळावर किंवा खोडावर बसविणे असा अर्थ घेऊन काही भाषांतरकारांना येथे कलमाचे स्पष्ट वर्णन दिसते. तथापि यादीत केळ आहे, ही अडचण दुर्लक्षिण्याजोगी नाही. निदान ‘काण्डरोप्य’ हा शब्द तरी खोडाच्या तुकड्यांपासून लागवड या अर्थी घेणे अधिक सुरक्षित वाटते. श्लोकाच्या उत्तरार्धाबाबत मात्र कलमाचा अर्थ सर्वस्वी नाकारता येत नाही. ग्रीसमध्ये थीओफ्रॅस्टस या वनस्पतींच्या अभ्यासकाने (इ. स. पू. चौथे–तिसरे शतक) व चीनमध्ये सहाव्या शतकातील शेतीग्रंथाने दिलेली माहिती याहून निःसंदिग्ध आहे. मोगल काळात जहांगीराच्या आठवणींत काश्मीरमधील चेरी व जर्दाळू यांच्या कलमांचा उल्लेख येतो.

कोकण-गोव्यातील आंब्याच्या कलमांचे श्रेय सामान्यतः पोर्तुगीजांना, विशेषतः जेझुइट पाद्र्यांना दिले जाते. हापूसचे (अल्फोन्सोचे) नाव पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्क (मृत्यू १५१५) याच्यावरून पडले, ही समजूत प्रचलित असली तरी तिला समकालीन आधार आढळत नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात असलेल्या निकोलाव मनुची या इटालियन प्रवाशाने गोव्यातील उत्तम आंब्यांची जी नावे दिली आहेत, त्यांत ‘निकुलाव अफोन्सो’ हे एक आहे. नावाचा उगम या दुसऱ्या अफोन्सोकडे शोधणे अधिक सयुक्तिक दिसते. हापूसच्या कोयीत एकच, संकरातून झालेला गर्भ असतो. त्यामुळे कोय लावून आलेले झाड मातृवृक्षाच्या गुणांचे निघेलच असे नाही. जात टिकविण्यास कलमावाचून गत्यंतर नव्हते.

प्रकार : भेट कलमात कुंडीतील रोप मातृवृक्षाच्या फांदीपर्यंत नेऊन, गरज पडल्यास मचाण बांधून, दोहोंची सुमारे ५ सेंमी. साल काष्ठाच्या पापुद्र्यासह तासतात व जोड बांधतात. दोन-तीन महिन्यांनी जोडाखाली फांदी व जोडावर रोपाचा शेंडा कापतात. ही रीत खात्रीची, पण वेळखाऊ. कोकणात तिची जागा पुष्कळ अंशी कोय कलमाने घेतली. पावसाळ्याच्या आरंभी कोय रुजवून, दहा-पंधरा दिवसांच्या तांबूस रोपाचा शेंडा ५ ते ८ सेंमी. ठेवून छाटतात, मधोमध उभी चीर देतात व तीत पाचरीसारखी तासलेली काडी बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधतात. काडी तीन-चार महिने वयाची घेतात. कापण्यापूर्वी आठ-दहा दिवस तिची पाने देठ ठेवून छाटलेली असावी लागतात, म्हणजे डोळे फुगतात. घाईत हेच टाळले जाते. काजूसाठी अशाच पाचरीचे मृदुकाष्ठ (कोवळ्या खोडावरील) कलम रूढ आहे.

नागपुरी संत्र्याचे डोळे जंबेरी किंवा रंगपूर लिंबावर भरतात, म्हणजे खुंटाच्या सालीत बसवितात. चिकूस खिरणीचा, द्राक्षास क्षारपड व पाण्याची टंचाई असलेल्या जमिनीत डॉगरिज हा खुंट वापरतात. सर्वच प्रकारांत जोडाखालची खुंटाची फूट वेळोवेळी काढावी लागते. ती राहिल्यास खुंटच वाढतो आणि कलमकाडी मागे पडते. खुंट व काडी एकाच कुलातील असली तरी जोड टिकतोच असे नाही. विसंगत जोड काही वर्षांनी सांध्यावर फुगतो किंवा वाऱ्याने स्वच्छ तुटतो.

वनवृक्षांत कलमाचा उपयोग मर्यादित आहे. सागाच्या बीजोत्पादन बागांत निवडक झाडांचे डोळे भरून रोपे तयार करतात.