शेरा शून्य, म्हणजे काही नाही?

स्तनांच्या कॅन्सरसाठी एक्स-रे तपासणी करणाऱ्या फिरत्या मॅमोग्राफी गाडीची बातमी आली की किती गावं झाली, किती बायकांची तपासणी झाली, हे आकडे ठळक असतात. संशय आला म्हणून परत बोलावलेल्यांपैकी किती जणी पोचल्या, हे सहसा नसतं. मला तेच आधी वाचायचं असतं.

घोळ रिपोर्टपासूनच होतो. मॅमोग्राम वाचणारे डॉक्टर ‘बाय-रॅड्स’ पद्धतीने ० ते ६ असा शेरा देतात. शून्य दिसलं की घरचे निर्धास्त: “शून्य म्हणजे काही नाही!” पण ‘काही नाही’चा शेरा १ आहे. शून्य म्हणजे एवढ्या फोटोंवरून ठरवता येत नाही, आणखी फोटो किंवा सोनोग्राफी हवी. घाबरायचंही कारण नाही. साधारणपणे १०० जणींत ५ ते १० जणींना परत बोलावतात आणि त्यातल्या बहुतेकींना कॅन्सर नसतोच.

शेरा ४ किंवा ५ आला, तर बायोप्सी. पोकळ सुईने पेन्सिलीच्या शिशाएवढे बारीक तुकडे काढतात. ‘गाठीला सुई लावली की ती पसरते’ ही भीती किती जणींना घरी बसवते! सुईच्या वाटेत क्वचित चार पेशी सांडतात, पण त्याने आजार बळावल्याचं दिसलेलं नाही. उशिराने मात्र तो नक्की बळावतो.

आता माझ्या आवडीची गोष्ट: हे तुकडे लॅबला पाठवताना ज्यात बुडवतात ते बाटलीतलं द्रावण, फॉर्मलिन. शरीराबाहेर पडलेला तुकडा लगेच स्वतःलाच पचवू लागतो, पेशींतली विकरं (एन्झाइम) तिथलीच प्रथिनं तोडतात. फॉर्मलिनमधलं फॉर्माल्डिहाइड शेजारशेजारच्या प्रथिनांमध्ये एका कार्बन अणूचे पूल बांधतं. प्रथिनं जिथल्या तिथे अडकतात, विकरंही जखडली जातात. सलाइनमध्ये हे घडत नाही. तुकडा ओला राहतो आणि नासतो.

म्हणून तो तासाभराच्या आत १० टक्के फॉर्मलिनमध्ये बुडायला हवा, आणि तिथे किमान ६, कमाल ७२ तास राहायला हवा. पूल अर्धवट बांधले गेले, तर कॅन्सरच्या पेशींत इस्ट्रोजेनचा रिसेप्टर (ते हार्मोन पकडणारं प्रथिन) असूनही चाचणीत सापडत नाही. मग टॅमॉक्सिफेनसारखी साधी गोळी जिला लागू पडली असती, तिला ती मिळतच नाही.

फोटो एआय वाचणार म्हणून हल्ली बराच गाजावाजा आहे. वाचू दे. पण बाटली एआय पोचवणार नाही, आणि शून्याचा अर्थ सांगायला फोन कुणी करायचा हेही ठरवणार नाही.

बाटलीला ना बर्फ लागतो ना फ्रीज. झाकण घट्ट हवं आणि लेबलवर नाव, डावी की उजवी बाजू आणि तुकडा बुडवल्याची वेळ हवी. शुक्रवारी दुपारी चारला बुडवलेल्या तुकड्याचे ७२ तास सोमवारी दुपारी चारला संपतात. मध्ये रविवार येतो.