चवदार टोमॅटो घडतो कसा

मुंबईच्या कोणत्याही मंडईत साराला किंवा कोशिंबिरीला टोमॅटो घेणारे जाणते गिऱ्हाईक आजही भाजीवालीला 'गावठी आहेत का?' असे विचारते. समोर लांबट, घट्ट, एकसारख्या लाल रंगाचे संकरित टोमॅटो रचलेले असताना चपट्या, पातळ सालीच्या आणि लवकर मऊ पडणाऱ्या टोमॅटोची चौकशी व्हावी, यामागे चवीचा अनुभव आहे, आणि त्या अनुभवाला रसायनशास्त्राचा भक्कम आधारही मिळालेला आहे.

जिभेला टोमॅटोत मुख्यतः तीन गोष्टी जाणवतात: ग्लुकोज व फ्रुक्टोज या शर्करा, सायट्रिक व मॅलिक ही आम्ले आणि ग्लुटामेटचा खमंगपणा. मात्र टोमॅटोला टोमॅटोपण देतो तो वास. या फळात चारशेहून अधिक बाष्पनशील, म्हणजे सहज हवेत उडणारे, पदार्थ सापडले आहेत आणि त्यांपैकी सुमारे वीस-तीस पदार्थ चवीत खरा वाटा उचलतात. फळ चिरताच येणारा ओल्या गवतासारखा वास स्निग्धाम्लांच्या विघटनातून येतो, फळांचा व फुलांचा गंध लाल-केशरी रंगद्रव्ये तुटून तयार होतो, तर गुलाबाची आठवण करून देणारा एक घटक फिनाइलअॅलनिन या अमिनो आम्लापासून बनतो. हे पदार्थ अत्यल्प मात्रेत असतात. तरीही घास चावताना घशामागून नाकात पोहोचून ते सगळी चव रंगवतात. त्यांपैकी काही तर साखर तेवढीच असतानाही फळ अधिक गोड भासवतात.

मग ही चव गेली कुठे? जुन्नर तालुक्यातील नारायणगाव किंवा नाशिकजवळील पिंपळगाव बसवंत येथून क्रेटमध्ये भरून निघालेला माल घाट उतरून वाशीच्या बाजारात येईपर्यंत टिकला पाहिजे, म्हणून फळ बुडाशी जेमतेम तांबूस होताच तोडतात. तोडल्यावर फळ पिकवणाऱ्या इथिलीन वायूमुळे रंग चढत राहतो, पण पानांकडून येणारी साखर थांबलेली असते. दुसरे कारण वाणांतच आहे. शेतकऱ्याला पैसे वजनावर मिळतात, त्यामुळे पैदासकारांनी मोठी व भरपूर फळे निवडली, आणि पानांनी तयार केलेली तेवढीच साखर अधिक फळांत वाटली गेली. रोगप्रतिकारकतेवर भर देण्यात मात्र त्यांची चूक नव्हती. लीफ कर्ल विषाणू, जिवाणूजन्य मर आणि करपा या तिन्ही रोगांना तोंड देणारा 'अर्का रक्षक' हा बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा संकरित वाण अनेक शेतकऱ्यांचे पीक वाचवतो. चवीसाठी निवड करण्याचे साधनच फार काळ उपलब्ध नव्हते, हे खरे दुखणे आहे.

निवडीचा एक परिणाम विशेष बोलका आहे. जुन्या वाणांच्या कच्च्या फळांवर देठाभोवती गडद हिरवा पट्टा असतो. फळ सगळीकडे एकसारखे पिकावे म्हणून हा पट्टा नसलेली झाडे पसंत केली गेली. २०१२ मध्ये स्पष्ट झाले की या बदलात फळातील हरितलवकांच्या (उन्हात साखर बनवणाऱ्या हिरव्या कणांच्या) वाढीला चालना देणारे जनुक निकामी झालेले आहे. पट्ट्याबरोबर फळाची स्वतः साखर बनवण्याची थोडीबहुत क्षमताही गेली.

फ्लोरिडा विद्यापीठातील हॅरी क्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ३९८ आधुनिक, पारंपरिक व रानटी टोमॅटोंच्या जनुकसंचांचा अभ्यास करून, लोकांना फळे चाखायला देऊन आणि रासायनिक मोजमाप करून चवीचा नकाशाच मांडला. जुन्या वाणांच्या तुलनेत आधुनिक वाणांत १३ सुगंधी घटक लक्षणीय कमी झाल्याचे त्यांना आढळले. मला यातील सर्वांत आशादायक बाब अशी वाटते की साखर वाढवली तर बहुधा फळ लहान होते, पण गंधद्रव्ये इतकी अल्प लागतात की ती परत आणताना उत्पादनाला फारशी झळ बसू नये. २०१९ मध्ये ७२५ टोमॅटोंच्या जनुकसंचांची तुलना झाली, तेव्हा गंधाशी निगडित एका जनुकाचे असे रूप सापडले, जे रानटी जातीत सर्रास असूनही जुन्या लागवडीच्या वाणांत जवळपास नाहीसे झाले होते.

असे जनुक परत आणण्याचे काम हातानेच होते. टोमॅटोचे फूल स्वतःच स्वतःचे परागण करते, म्हणून उमलण्याच्या आदल्या दिवशीची फिकट पिवळी कळी हेरून, चिमट्याने पुंकेसरांची शंकूसारखी नळी अलगद ओढून काढावी लागते, आणि मग उघड्या पडलेल्या कुक्षीवर दुसऱ्या वाणाचे परागकण लावतात. पुढे पिढ्यान्‌पिढ्या मूळ वाणाशी संकर करत नको असलेले रानटी गुण वगळायचे असतात. आता कोवळ्या रोपाच्या पानाच्या तुकड्यावरून हवे ते जनुक आले की नाही, हे फळ धरण्याआधीच कळते. चिनी संशोधकांनी २०२४ मध्ये दोन जनुके संपादनाने बंद करून, फळाचे वजन न घटता ग्लुकोज व फ्रुक्टोज ३० टक्क्यांपर्यंत वाढवून दाखवले. साखर आणि आकार यांचे वैर अटळ नाही, याचा हा महत्त्वाचा पुरावा होय.

घरी आणलेल्या टोमॅटोची चव आपणही घालवतो. पिकलेले टोमॅटो ५ अंश सेल्सिअसला आठवडाभर ठेवले असता त्यांची साखर व आम्ल फारसे बदलले नाहीत, पण गंध घडवणाऱ्या जनुकांच्या डीएनएवर रासायनिक खुणा वाढून ती मंदावली आणि बाहेर काढल्यावरही वास पूर्ववत झाला नाही, असे २०१६ च्या प्रयोगात दिसले. म्हणून फ्रीजऐवजी टोपलीत ठेवून दोन-तीन दिवसांपुरतेच आणणे उत्तम.

गॅलरीत सहा तास ऊन येत असेल, तर लागवड अवश्य करावी. मुंबईतील उबदार रात्रींमुळे फुलगळ होते, आणि पारा तिशीच्या वर राहिला तर लाल रंगद्रव्यही नीट बनत नाही. म्हणून दसऱ्याच्या सुमारास बी पेरावे, म्हणजे फळे थंडीत येतात. लहान फळांत साखर अधिक असल्याने चेरी टोमॅटो निवडावा. वाऱ्याची झुळूक न लागणाऱ्या गॅलरीत सकाळी फुलांच्या देठाला हलकी टिचकी मारल्यास पराग सुटतात. फळे रंगू लागल्यावर पाणी थोडे कमी केले तर चव दाट होते, पण कुंडी एकदा कोरडी आणि एकदा चिंब असे करू नये, कारण त्याने साल तडकते आणि फळाच्या बुडाला काळा डाग पडतो. फळ तोडण्याची घाई मात्र अजिबात करू नये. वाशीच्या मालाला जी मुभा नाही, ती गॅलरीतल्या फळाला आहे, तेव्हा ते झाडावरच देठापर्यंत लाल होऊ द्यावे.