वाट्याचा हिशेब शिकवणारी शाळा

अमेरिकेत १९३५च्या वॅगनर कायद्याने कामगारांना संघटना करून मालकाशी बोलणी करायचा हक्क दिला. हक्क मिळाला, पण बोलणी करायला लागणारी तयारी दोन्हीकडे तोकडी होती. ही उणीव भरायला न्यूयॉर्क राज्याने १९४५मध्ये कॉर्नेल विद्यापीठात औद्योगिक व कामगार संबंधांचं स्वतंत्र कॉलेज काढलं. त्यासाठी झटलेले आमदार अर्व्हिंग आइव्ह्ज हेच पहिले डीन. सुरुवातीची वर्षं अर्धगोल पत्र्याच्या शेडमध्ये गेली. शिकवायला कायदा, अर्थशास्त्र, इतिहास आणि सामूहिक वाटाघाटी. संख्याशास्त्रही, आणि माझ्या मते हाच खरा कणा. रूझवेल्ट यांच्या कामगारमंत्री फ्रान्सिस पर्किन्स १९५७पासून तिथे शिकवत. पदवीइतकंच महत्त्व विस्तार वर्गांना होतं: राज्यभर, नोकरी करणाऱ्यांसाठी.

आपल्याकडे १९४७मध्ये मुंबई सरकारने बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट काढली. परळची ही संस्था आज नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाने चालते. तेव्हा गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्याची माणसं भरपूर होती, म्हणून कोकणच्या कामगाराचा अभ्यासही मुंबईतच झाला. किनाऱ्यावरच्या मासेमारी नौकेवरचा खलाशी मात्र बाहेर राहिला. त्याला अनेकदा पगार नसतो, वाटा असतो.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णै किंवा मिरकरवाडा बंदरातल्या नौकेचं गणित मांडून पाहू. प्रमाण नौकेगणिक बदलतं, हे आकडे फक्त समजण्यासाठी. मासळीचे १,००,००० आले. डिझेल, बर्फ, शिधा मिळून खर्च ४०,०००. खर्च वजा करून निम्मे मालकाला, उरले ३०,०००. तांडेलाचे, म्हणजे नौका चालवणाऱ्या प्रमुखाचे, दोन वाटे, आठ खलाशांचे आठ, वाट्याला ३,०००. आता लिलाव ८०,०००वरच थांबला, तर खर्च तोच, वाटा २,०००. भाव पाचव्या हिश्शाने उतरला, कमाई तिसऱ्या हिश्शाने. खलाशाला वाटतं मालकाने मारलं. मालकाने कदाचित काहीच केलेलं नसतं. पण सगळा खर्च खलाशांच्या निम्म्यातूनच कापला, तर मूळ १,००,०००वरही वाटा १,०००च उरतो, आणि तो प्रश्न मालकाच्या दानतीचा आहे. दोन्हींतला फरक कळायला लिलावाची पावती आणि डिझेलचं बिल खलाशाच्या नजरेस पडायला हवं.

खलाशांना हा हिशेब शिकवणारा वर्ग रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाला सहज घेता येईल. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, पण त्या काळात बरेच खलाशी गावी जातात. म्हणून वर्ग मे महिन्यात, पुढच्या हंगामाची उचल हाती पडण्याआधी.