वूलन की वर्स्टेड? हाताने कातलेल्या लोकरीचा पहिला स्वेटर विणण्याआधी

लोकर कातायला नुकतीच सुरुवात केलेले लोक हमखास विचारतात, धागा आता तुटत नाहीये, मग स्वेटर घालू का सुयांवर? घाला की. फक्त त्याआधी एक बघून घ्या, तुम्ही कातताय ते वूलन (फुगीर, हवेशीर सूत) आहे की वर्स्टेड (घट्ट, गुळगुळीत सूत), कारण दोन्ही लोकरच, कधी कधी तर एकाच मेंढीची, जाडीही सारखीच दिसते, आणि तरी विणून धुतल्यावर दोन भलतेच वेगळे कपडे हातात येतात.

फरक कातायच्या आधीपासूनच सुरू होतो. वूलनसाठी लोकर पिंजतात, म्हणजे कार्डरच्या दोन तारांच्या ब्रशांमध्ये फिरवून तंतू वाटेल त्या दिशेला मोकळे करायचे आणि मग पेळू वळायचा, कापसाचा वळतात तसाच पण जरा फुगीर. वर्स्टेडसाठी लोकर विंचरतात, लांब दातांच्या फण्यांनी, त्यात आखूड तंतू मागे राहतात आणि लांब तेवढे एकाला एक लागून सरळ बाहेर येतात. ऑनलाइन 'टॉप' म्हणून जी गुळगुळीत लांबलचक पट्टी मिळते ना, मेरिनोची वगैरे, ती ही विंचरलेली. थोडक्यात वर्स्टेड म्हणजे तेल लावून चापून घातलेली वेणी आणि वूलन म्हणजे न्हाल्यावर सैल बांधलेला अंबाडा, केस तेच.

पण नुसत्या तयारीने भागत नाही, खरा खेळ हातांचा आहे. वर्स्टेड कातताना पुढच्या हाताची चिमूट पीळ अडवून धरते, थोडेसे तंतू पुढे ओढायचे आणि मग तीच चिमूट धाग्यावरून मागे सरकवत न्यायची, की पीळ तिच्या मागोमाग आत शिरतो आणि बाहेर आलेली टोकं दाबून बसतात. न कातलेल्या तंतूंमध्ये पीळ जाऊच द्यायचा नाही. वूलनमध्ये नेमकं उलटं, पेळू अगदी हलक्या हाताने धरायचा आणि पीळ आत जात असतानाच हात सरळ मागे ओढत न्यायचा, हात-दीड हात लांब. आता पीळ आधी बारीक जागी जातो आणि तिथे घट्ट बसतो, त्यामुळे ओढ पडते ती जाड जागेवर आणि जाड जागा आपोआप बारीक होत जाते. पहिल्यांदा बघताना जादूच वाटते. मात्र लटकत्या टकळीवर हे लांब ओढणं कठीण, टकळीचं वजन धागा खाली खेचत असतं, चरख्यावर बरंच सोपं जातं. (शाळेत शिकवायचे ती छोटी टकळी कापसासाठीची, लोकरीला तिच्यापेक्षा जड लागते.)

वूलनमध्ये तंतू आडवेतिडवे राहिल्याने मधे हवा अडकते आणि पुढचं सगळं त्या हवेमुळे. धागा हलका, उबदार, ताणला तर परत आत येणारा, पण झिजतो लवकर आणि गोळेही धरतो. वर्स्टेड घट्ट, थोडं चमकदार, टिकाऊ, टाका न टाका कोरीव दिसतो, पण त्याच जाडीला वजन जास्त. सुटाचं कापड वर्स्टेडचं असतं आणि ट्वीडचा कोट वूलनचा, दोन्हींवरून हात फिरवून बघा, लगेच कळेल. ब्रिटनच्या किनाऱ्यावरचे कोळी जे गॅन्सी स्वेटर घालायचे ते पाचपदरी वर्स्टेडचे, बारीक सुयांवर इतके गच्च विणलेले की वारा आत शिरू नये. आणि शेटलंड बेटांवरचे रंगीत फेअर आइल स्वेटर दुपदरी वूलनचे, तिथे टाके एकमेकांना चिकटून राहणं हाच फायदा. आपल्याकडचं घोंगडं बघाल तर तेही पिंजलेल्या लोकरीचंच, दख्खनी मेंढीची लोकर भरड आणि आखूड, ती विंचरून फारसं काही हाती लागायचं नाही. फक्त घोंगडं मागावर विणतात आणि ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ देतात म्हणून नवं असताना चांगलं कडक लागतं.

वजनाचा मुद्दा विणणाऱ्यांनी नीट घ्या. समजा स्वेटरला 1000 मीटर धागा लागतोय. वर्स्टेड 100 ग्रॅममध्ये 200 मीटर भरलं तर 500 ग्रॅमचा स्वेटर, आणि तेवढ्याच जाडीचं वूलन 250 मीटर भरलं तर 400 ग्रॅमचा. नुसती जाडी बघून पॅटर्न निवडला की स्वेटर स्वतःच्या वजनाने ताणून गुडघ्याकडे निघतो तो असा. म्हणून लडी मोजा आणि वजनही करा. आणि दुकानातल्या गुंड्यांच्या लेबलवर 'वर्स्टेड' लिहिलेलं असतं ते कातण्याबद्दल नाही, जाडीबद्दल आहे, अॅक्रिलिकवर पण लिहितात, त्याला फसू नका.

माझं मत विचाराल तर पहिला स्वेटर वूलनचा. नवशिक्याचा धागा कुठे जाड कुठे बारीक होणारच, वूलन धुतल्यावर फुलतं आणि ते बरंचसं झाकून टाकतं, वर्स्टेड प्रत्येक चूक चारचौघांत दाखवतं. पण होतं काय की रंग बघून सगळे आधी मेरिनोचा टॉप घेतात, तो हातातून सटासट निसटतो, मग भीतीने पीळ जास्त दिला जातो आणि सुतळी तयार होते. टॉप घेऊन झालाच असेल तर वीतभर तुकडा तोडा, बोटावर मधोमध घडी घाला आणि घडीतून काता, पक्कं वूलन नाही होत पण त्या वळणावर जातं. मनगटाच्या आणि खालच्या रिबला, म्हणजे काठाच्या ताणणाऱ्या पट्टीला, मात्र वर्स्टेड चालेल, घासणारी जागा ती.

अजून एक, काततही शिकताय आणि विणतही चाललाय तर पहिल्या लडीपासून शेवटच्या लडीपर्यंत धागा बारीक होत जाणार, हात बसतो तसा. पाठ जाडी आणि बाह्या पातळ असा स्वेटर नको असेल तर आधी सगळं कातून घ्या, पदर देताना (दोन सुतं एकत्र पिळताना) सुरुवातीचं सूत शेवटच्या सुताबरोबर घाला, आणि विणताना दोन लडी एकाआड एक, दोन-दोन ओळींनी बदलत राहा. आवडलेल्या धाग्याचा तुकडा पुठ्ठ्यावर गुंडाळून चरख्याशेजारी ठेवा आणि अधूनमधून नवा धागा त्याच्याशी लावून बघा.