तिहेरेता

तिहेरेता (शास्त्रीय नाव टायरॅनस सव्हाना) हा दक्षिण अमेरिकेच्या मोकळ्या गवताळ माळांवर राहणारा, लांब दुभंगलेल्या शेपटीचा कीटकभक्षी पक्षी. त्याचा पसारा दक्षिण मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत आहे. स्पॅनिशमधले हे नाव आणि ब्राझीलमधले ‘तेसोरिन्या’ ही दोन्ही कात्रीवरून आली आहेत. उडताना शेपटीची पाती उघडतात, मिटतात. ते पाहिले की नाव पटते.

डोके काळे, पाठ राखाडी, पोट पांढरेशुभ्र. माथ्यावर पिवळा पट्टा असतो, पण तो एरवी पिसांखाली झाकलेला राहतो. नर शेपटीसकट सुमारे ४० सेंमी. भरतो, मादी ३० सेंमी.च्या आत, वजन मात्र जेमतेम ३० ग्रॅम. कुंपणाच्या तारेवर बसून हवेतला किडा टिपणे आणि अंगाने कितीतरी मोठ्या शिकारी पक्ष्यावर धावून जाणे, या सवयी पाहून मराठी वाचकाला कोतवाल आठवेल. शेपटीही तशीच दुभंगलेली. तरीही दोघांचे जवळचे नाते नाही. तिहेरेताचे कुळ टायरॅनिडी. चारशेहून अधिक जातींचे हे प्रचंड कुळ फक्त अमेरिका खंडांतच आढळते. आपल्याकडचे माशीमार वेगळ्या कुळातले.

एकट्यादुकट्या झाडावर किंवा झुडपात मादी वाटीसारखे उघडे घरटे बांधते आणि अंडी एकटीच उबवते; पिलांना दोघे भरवतात.

याच्या जीवनक्रमातला सर्वांत विलक्षण भाग म्हणजे स्थलांतर. आपल्याकडे हिवाळी पाहुणे उत्तरेकडून येतात. तिथे ऋतू उलटे. अर्जेंटिना, उरुग्वे आणि दक्षिण ब्राझीलमध्ये तिहेरेता सप्टेंबर-ऑक्टोबरच्या वसंतात येतो, वीण उरकतो आणि उन्हाळा सरता सरता उत्तरेला निघतो. कोलंबिया-व्हेनेझुएलातल्या ल्यानोस या विस्तीर्ण माळांवर त्याचे थवे हिवाळा काढतात. ब्युनोस आयर्सपासून तिथले अंतर सरळ रेषेतही ४,००० किमी.हून जास्त. या काळात किड्यांबरोबर फळेही तो भरपूर खातो. काही पक्षी वाट चुकतात आणि थेट उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दिसतात.

नजर शेपटीवर खिळते, पण या जातीचा इतिहास पंखांत वाचावा लागतो. प्रौढ नराच्या बाहेरच्या उड्डाणपिसांची टोके कापल्यासारखी निमुळती असतात, आणि झेप घेताना त्यांतून फडफडीचा आवाज निघतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले, की स्थलांतर करणाऱ्या उपजातीच्या आणि उत्तरेत बारमाही राहणाऱ्या उपजातीच्या पिसांचा आकार वेगळा आहे, म्हणून आवाजही वेगळा. बारमाही उपजातीचे पूर्वज स्थलांतरीच होते. त्यांनी परतीचा प्रवास सोडला आणि शाखा वेगळी झाली, असे जनुकीय पुरावे सांगतात. ल्यानोसवर आजही दोन्ही उपजाती एकाच माळावर किडे टिपताना दिसतात. विणीला मात्र एक तिथेच राहते, दुसरी दक्षिणेला परतते.