आघाडीचं राजकारण

एकाच पक्षाला बहुमत मिळत नाही तेव्हा दोन किंवा जास्त पक्षांनी मिळून सरकार चालवायचं, याला आघाडीचं राजकारण म्हणतात, आणि आता तर निवडणुकीआधीच जागा वाटून घेऊन एकत्र लढतात. आघाडी आणि युती दोन्ही शब्द चालतात, फक्त बोलताना काँग्रेस-राष्ट्रवादीची ती आघाडी आणि सेना-भाजपची ती युती असं डोक्यात बसलेलं.

देशात हे पक्कं झालं 1989 पासून. 1984 ला काँग्रेस 400 च्या वर होती, 1989 ला 197 वर आली आणि तिथून 2014 पर्यंत सलग 7 लोकसभा निवडणुकांत कुठल्याच पक्षाला एकट्याच्या जिवावर बहुमत मिळालं नाही. 1999 ला वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं, 269 विरुद्ध 270. 2014 ला भाजपने 282 जागा घेतल्या तेव्हा आघाडीचे दिवस संपले असं बऱ्याच जणांना वाटलं, पण 2024 ला भाजप 240 वर थांबला आणि मित्रपक्षांना परत किंमत आली.

सातारा-सांगलीला मात्र हे 1989 ला कळलं असं नाही. संयुक्त महाराष्ट्र समिती 1956 ला झाली, त्यात कम्युनिस्ट, शेकाप (शेतकरी कामगार पक्ष), समाजवादी सगळे मुंबईसह मराठी राज्य हवं या एका मागणीसाठी एकत्र, आणि 1957 ला उत्तर साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेवर गेले. पुढे 1978 ला, काँग्रेस फुटून तिचे दोन पक्ष झाले होते तेव्हा, विधानसभेत जनता पक्ष 99, रेड्डी काँग्रेस 69 आणि इंदिरा काँग्रेस 62 असा निकाल लागला, मग दोन्ही काँग्रेसनी मिळून सांगलीच्या वसंतदादा पाटलांना मुख्यमंत्री केलं आणि नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले, राज्याचे पहिले. म्हणजे उपमुख्यमंत्री हे पदच आघाडीच्या तडजोडीतून आलेलं. ते सरकार काही महिन्यांतच शरद पवारांनी आमदार घेऊन बाहेर पडत पाडलं आणि पुलोदचं (पुरोगामी लोकशाही दलाचं) सरकार आलं, त्याची सल दादांना मानणाऱ्या घरांत अजून निघते.

खुर्च्यांचा हिशोब नुसत्या आकड्यावर होत नाही हे 2004 ला दिसलं. राष्ट्रवादी 71, काँग्रेस 69, तरी मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडे राहिलं, बदल्यात राष्ट्रवादीला जास्त खाती मिळाली आणि तासगावचे आर. आर. आबा पाटील उपमुख्यमंत्री झाले. मित्रपक्ष निघून गेला की काय होतं ते तेव्हाचे मुख्यमंत्री, कराडच्या पृथ्वीराज बाबा चव्हाणांनी सप्टेंबर 2014 ला पाहिलं, निवडणूक तोंडावर असताना राष्ट्रवादीने पाठिंबा काढला, राजीनामा द्यावा लागला आणि राष्ट्रपती राजवट आली.

पण माझ्या मते खरी गाठ सरकारात नसते, जागावाटपात असते. मुंबई-दिल्लीत बसून जागा 'सोडली' म्हणतात तेव्हा त्या मतदारसंघात 20-20 वर्षं बूथ सांभाळणाऱ्या कार्यकर्त्याला कुणीच विचारलेलं नसतं. गावात पॅनेल बांधताना असं चालत नाही, ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं त्यामुळे कुठल्या गटाची, कुठल्या भावकीची किती माणसं घ्यायची हे समोरासमोर बसूनच ठरतं, रुसवेफुगवे तिथंच निघतात.

सांगली लोकसभा याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण. 1962 पासून काँग्रेसचा बालेकिल्ला, 2014 ला भाजपच्या संजयकाका पाटलांनी तो घेतला. 2019 ला आघाडीत ही जागा राजू शेट्टींच्या स्वाभिमानीला गेली आणि वसंतदादांचे नातू विशाल पाटील स्वाभिमानीच्याच चिन्हावर लढून हरले. 2024 ला परत तेच, महाविकास आघाडीत (काँग्रेस, पवारांची राष्ट्रवादी आणि उद्धव ठाकरेंची सेना) जागा ठाकरे सेनेला सुटली आणि पैलवान चंद्रहार पाटलांना उमेदवारी मिळाली, जिल्ह्यातली काँग्रेस शेवटपर्यंत मागत राहिली पण उपयोग झाला नाही. विशाल पाटील अपक्ष उभे राहिले, चिन्ह लिफाफा, आणि एक लाखाच्या वर लीड घेऊन आले, आघाडीचा अधिकृत उमेदवार तिसऱ्या नंबरला गेला. नंतर त्यांनी काँग्रेसलाच पाठिंब्याचं पत्र दिलं आणि 99 वर असलेल्या काँग्रेसचा आकडा 100 झाला.